फोटो बघून केक जमत नाही म्हणतीस, मग हे वाच

अगं, फोनमधे पाचशे फोटो सेव्ह केलेस म्हणून केक होत नसतोय बघ. एक फोटो घे, त्यातलं नेमकं काय आवडलं ते विचार, रंग का आकार का पाकळ्यांची ठेवण, तेवढंच वहीत उतरव आणि फोन बाजूला ठेव की.

स्केच खऱ्या मापाचं काढायचं, हे कुणी सांगत नाही. ६ इंची टिनचा घेर १९ इंचाच्या आसपास भरतो, क्रीम लागल्यावर अजून थोडा वाढतो, म्हणून कागदाची पट्टी २० इंच काप, उंची केकएवढी, त्यावर डिझाईन काढून टिनला गुंडाळून बघ. मी पहिल्यांदा कोल्हापुरी साजाचा केक केलता तेव्हा हे केलं नव्हतं, माळ मागं दोन बोटं कमी पडली, मग तिथं गुलाब चिकटवले (सगळ्यांनी गुलाबाचंच कौतुक केलं!).

आणि बघायला लांब कशाला जायचं, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हंजे सराफ बाजारात चक्कर मार, नायतर कोल्हापुरी चपलेची वेणीच बघ, फॉन्डंटच्या (साखरेच्या मऊ गोळ्याच्या) तीन दोऱ्या वळल्या की झाली.

रंग मात्र स्केचपेक्षा फिकट कालव, बटरक्रीम रात्रभरात गडद होतंय, लाल तर आदल्या दिवशीच करून ठेव. आपल्याकडं पावसाळ्यात फॉन्डंटला घाम सुटतोय, त्यामुळं जून ते सप्टेंबर बारीक नक्षीची ऑर्डर घेताना दहादा विचार कर. मी तर सरळ नाही म्हणते.