उजव्या हाताला जन्मापासूनची इजा, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ३२ टक्के. केंद्राच्या परीक्षेत लेखनिक मिळेल का?

हो, मिळू शकतो; अपंगत्व किमान ४० टक्के असण्याची अट तुमच्या आड येत नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट सांगितलं, की लिहिताना खरी अडचण असेल तर टक्केवारी कमी आहे म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यावरूनच केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लेखनिक होता, तासाला २० मिनिटं जादा वेळही होता; २०२५ मध्ये केंद्राने या सूचना सुधारल्या. मात्र नुसतं अपंगत्वाचं प्रमाणपत्र पुरत नाही. लिहिण्यात अडचण असल्याचं, ठरलेल्या नमुन्यातलं, सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय समितीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. तिथे दोन ओळी लिहून दाखवून थांबू नका. आदल्या दिवशी घरी तासभर सलग लिहा आणि ती पानं सोबत न्या: पहिलं पान नीटनेटकं, तिसऱ्यावर खांदा भरून येतो, पाचव्यावर ओळी खाली घसरतात. खांद्याजवळच्या मज्जातंतूंची इजा पुष्कळदा बोटांकडे बघून कळतच नाही. माझाही हात असाच आहे, आणि पहिल्या तपासणीत नेमकं हेच निसटलं होतं. फक्त एक लक्षात घ्या, या सूचना केंद्राच्या आहेत. परीक्षा राज्याची असेल तर तिची जाहिरात आधी वाचा, आणि लेखनिकाची मागणी अर्ज भरतानाच नोंदवा.