“ताई, याला घराबाहेर काढू का?”

“ताई, याला घराबाहेर काढू का? धाकटी मुलगी आहे घरात.” नशेच्या पुड्या घेणाऱ्या आणि विकायला लागलेल्या मुलाबद्दल सल्ला घ्यायला येणारे इंदूरच्या मराठी घरांतले वडील मला हे इतक्यांदा विचारतात की एकदा सविस्तर उत्तर लिहायचं ठरवलं. एका घराचीच गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि तपशील बदलले आहेत. मुलाला ओंकार म्हणू.

ओंकारची आई रामबागेत घरीच साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. मुलाच्या बॅगेत तिला बोटाच्या पेराएवढ्या झिपच्या पिशव्यांचा गठ्ठा सापडला, सराफ्यात टॉप्स घालून देतात तशा. तिला त्या कामाच्या वाटल्या. वीसेक काढून तिने त्यांत हुक आणि टिचबटणं भरून ठेवली. पंधरा दिवसांनी त्याच बॅगेत तळहातात मावेल असा सोनाराचा वजनकाटा दिसला, तेव्हा तिचे हातपाय गार पडले. माझ्याकडे आली तेव्हा हुकांची एक पिशवी पर्समधून काढून तिने टेबलावर ठेवली आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

ओंकार तेव्हा साडेसतरा वर्षांचा होता. अकरावीत नापास झाल्यापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. समोर ताटावर बसलेला असला तरी “त्याला वाढ” असं आईला सांगायचे. तो एकदा गाडीवरून घसरला आणि ॲक्टिव्हाची किल्ली कपाटात गेली. अठराच्या आत गाडी न देणं बरोबरच होतं, पण किल्लीबरोबर बोलणंही कपाटात गेलं.

भंवरकुआंला क्लाससाठी जायचा, तिथे चहाच्या टपरीवर त्याला एक ‘भिया’ भेटला. इंदुरात आपण पोहेवाल्यालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो. त्या शब्दात जो आपलेपणा आहे, त्याच्यावरच हा धंदा चालतो. एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेच्या, पहिल्या दोन पुड्या फुकट, पुढच्या उधार. दोन-दोन रात्री झोप नाही, भूक नाही, जबडा आवळलेला, आणि उतरली की अशी उदासी की पुन्हा पुडीच हवी. उधारी अकरा हजारांवर गेल्यावर भिया म्हणाला, “पैसे राहू दे रे. पाच पोचवून ये, सहावी तुझी.” आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली त्याच्या हातात ठेवली. तिसऱ्या भेटीत ओंकार मला म्हणाला, “मॅडम, कुणीतरी पहिल्यांदा माझ्यावर विश्वास ठेवला होता.”

मुलगा आधी बिघडतो आणि मग विकायला लागतो, असं आपण धरून चालतो. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक मुलांना विकायला लावलं ते उधारीने. उधारी वाढते तसा पिशवीतला माल वाढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात घन आणि द्रव मिळून ९०७ किलो एमडी पकडलं गेलं. असा माल गल्लीपर्यंत येतो तेव्हा वरच्या कुणाच्याच खिशात काही नसतं. असतं ते ओंकारसारख्याच्या. त्याला तर भियाचं खरं नावही ठाऊक नव्हतं.

“तू अठराचा नाहीस, तुला काही होत नाही,” हेही त्याला सांगितलेलं होतं. हे खोटं आहे. एमडीमध्ये २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण धरतात. त्यापुढे १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि ५० ग्रॅमच्या वर किमान १० वर्षं. इतक्या गंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरच्या मुलावर, बाल न्याय मंडळाच्या तपासणीनंतर, प्रौढासारखा खटला चालू शकतो. मुलाकडून असा माल वाहून घेणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हे ओंकारला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. वडिलांनी त्याला एकदा खरंच बाहेर काढलं होतं. तो कुठे गेला असेल? भियाच्या खोलीवर. तिथे गादी होती, चार्जर होता, खायला कचोरी होती. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे पाच पुड्यांऐवजी डबी यायला लागली. म्हणून मी वडिलांना स्पष्ट सांगते, काढू नका. तुम्ही दार लावता तेव्हा तिकडचं दार उघडंच असतं.

मी ओंकारच्या वडिलांना एवढंच सांगितलं की “असं का केलंस” हे सध्या विचारू नका, “किती देणं आहे आणि कुणाचं” हे विचारा. त्यांनी विचारलं. आकडा अडतीस हजारांचा निघाला. ते एफडी मोडायला निघाले, मी थांबवलं. एकदा गुपचूप पैसे दिले की हे घर पैसे देतं हे उधारी वसूल करणाऱ्यांना कळतं. आधी वकील गाठला, धमकीचे मेसेज जपून ठेवले आणि वकिलामार्फतच पोलिसांकडे गेलो. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात गेला आणि उपचार पूर्ण केले, तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ६४-अ खाली सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात संरक्षण मिळू शकतं. मोठा माल त्यात बसत नाही, म्हणूनच उशीर नको. कुठे जायचं सुचत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन आहे.

दोन संध्याकाळी भियाची दोन पोरं मोटारसायकल लावून कोपऱ्यावर उभी होती. वडील फाटकाशी खुर्ची टाकून रात्री अकरापर्यंत बसून राहिले. खिडकीतून ओंकार ते बघत होता. दुसऱ्या रात्री तो चहा घेऊन खाली गेला.

उपचारांच्या चौथ्या महिन्यात एकदा तो घसरला, पुन्हा पुडी घेतली. घरी त्यानेच सांगितलं आणि वडिलांनी आवाज न चढवता गाडी काढून त्याला केंद्रात नेलं. आता तो अठरा पूर्ण झालाय, लायसन्स काढायचं म्हणतो. किल्ली अजून कपाटातच आहे. येत्या गुरुवारी तिघं त्यावरच बोलायला येणार आहेत.