चिखल तुडवायला परदेशी कशाला?

प्रश्न : माझी मुलगी नेदरलँड्समध्ये जलव्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पुढच्या महिन्यात तिचा वर्ग आठवडाभर 'फील्ड ट्रिप'ला जाणार आहे. धरणे, बंधारे, एक संग्रहालय आणि शेवटी ओहोटीच्या वेळी चिखलातून चालणे, असा कार्यक्रम तिने कळवला आहे. आम्ही खारेपाटातले शेतकरी. कर्ज काढून तिला धाडले आहे. अशा सहलींनी अभ्यासात काय भर पडते? चिखल तर आमच्या दारातही आहे. तिने काय तयारी करावी?
– एक पालक, अलिबाग तालुका

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, मात्र 'सहल' या शब्दाने आपली दिशाभूल केली आहे. अशा आठवड्यात रोज पाहिलेल्या गोष्टींची नोंद ठेवावी लागते आणि बहुधा शेवटी अहवालही द्यावा लागतो. शिवाय आपल्या मुलीच्या विषयाला त्या देशाइतकी मोठी प्रयोगशाळा सापडणे कठीण, कारण तिथली सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे.

१९५३ च्या जानेवारीअखेरीस, पौर्णिमा नुकतीच होऊन गेली असताना, उधाणाच्या भरतीत वायव्येकडील वादळाची भर पडली, झीलंड प्रांतातल्या बांधांना जागोजागी खांडी पडल्या आणि त्या देशात १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर किनाऱ्यावर बंधाऱ्यांची जी साखळी उभी राहिली, तिच्यातला ऑस्टरस्केल्ड खाडीच्या मुखावरचा सुमारे नऊ किलोमीटरचा अडथळा मुलीने निवांतपणे पाहावा. मूळ बेत तिथे भरीव धरण बांधून खाडी कायमची बंद करण्याचा होता. पण भरतीचे पाणी आत आले नाही तर शिंपल्यांतली कालवे मरतील आणि मासळी जाईल, म्हणून तिथले मच्छीमार आणि निसर्गप्रेमी अडून बसले. अखेर ६२ पोलादी दरवाजांचा बंधारा १९८६ मध्ये पुरा झाला. हे दरवाजे एरवी उघडे असतात आणि मोठ्या वादळातच खाली येतात. खर्च फार वाढला, पण खाडी जिवंत राहिली. हा वाद कसा लढला गेला, हे तिने तिथल्या माणसांना विचारावे. बंधाऱ्याची लांबी-रुंदी कोणत्याही पुस्तकात मिळते.

आता आपल्या दारातल्या चिखलाविषयी. आपल्या खारबांधाच्या पोटात बसवलेली उघाडी मुलीने लहानपणापासून पाहिली असेल. ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्याने तिची झडप बाहेर ढकलली जाते आणि भरतीला समुद्राच्या रेट्याने आपोआप मिटते. त्यासाठी ना वीज लागते ना माणूस. तिकडच्या जुन्या पोल्डरांच्या, म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींच्या, दारांमागेही हेच तत्त्व होते. फरक आहे तो बांध राखण्याच्या व्यवस्थेत. तिथे पाण्याची स्वतंत्र मंडळे आहेत, त्यांतली काही तेराव्या शतकापासूनची. ती स्वतःचा कर गोळा करतात आणि त्यांच्या निवडणुकाही होतात. आपल्याकडे खांड पडली की आधी अर्ज लिहावा लागतो आणि तोवर खारे पाणी भातशेतीत शिरलेले असते. या एका फरकावर तिने अहवाल लिहिला तरी आठवडा सत्कारणी लागला, असे मी म्हणेन. त्यासाठी आपल्या गावच्या उघाडीची दोन छायाचित्रे तिला आधीच पाठवून द्या.

तयारीचे म्हणाल तर पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड जवळ असावे, कारण कार्यक्रमात सीमेपलीकडचे बेल्जियम किंवा जर्मनी असू शकते. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च शुल्कात धरला आहे का, हे विभागाला आधीच लेखी विचारावे. तिथल्या उत्तर किनाऱ्यावरच्या उथळ वाडन समुद्राच्या चिखलातून चालताना सैल बूट पाय उचलताच रुतून मागे राहतात. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, घट्ट नाडीचे जुने बूट घ्यावेत आणि वाटाड्याला सोडून एक पाऊलही टाकू नये. भरती तिथेही कुणासाठी थांबत नाही. नोंदी पेन्सिलीनेच कराव्यात. विद्यार्थिदशेत माझ्या शाईने लिहिलेल्या चार दिवसांच्या नोंदी एका सरीत निळ्या पाण्यासारख्या वाहून गेल्या होत्या, आणि अहवाल मला मैत्रिणीच्या वहीवरून लिहावा लागला.

आणखी एक. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, हा आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब घरातल्या थोरांकडून तिला नीट समजावून घ्यायला सांगा. हा हिशेब झीलंडच्या किनाऱ्यावर लावला तर वेळ चुकेल. चंद्र तोच असताना ती का चुकते, हा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी प्राध्यापकांना विचारावा.