‘बिटर’समोर नुसतं ‘कडू’ लिहू नकोस

बेटा, वहीत ‘बिटर’पुढे ‘कडू’ लिहून थांबू नकोस. कारलं, पाडव्याचा कडुनिंब, बिनसाखरेची कॉफी, इथवर ठीक. पण इंदूरच्या सराफ्यात, त्या खाऊगल्लीत, गरम गराडू म्हणजे तळलेला कंद खाताना बोटं गारठतात ना, त्याहून बोचऱ्या थंडीला इंग्रजीत ‘बिटर कोल्ड’ म्हणतात. आपली थंडी कडू नसते, कडाक्याची असते. या शब्दाचं मूळ ‘बाइट’शी, म्हणजे चावण्याशी जोडलेलं आहे. थंडी चावते, एवढं धरलंस की अर्थ उलगडतो. ‘बिटर एनिमी’ हाडवैरी.

माणूस ‘बिटर’ झाला म्हणजे मात्र नुसता रागावला नाही. अन्यायाची सल उरात धरून बसलाय. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, तो घोकून नाही, वाक्यात वापरून पक्का कर. लेकीची पाठवणी? ‘बिटरस्वीट’, आनंद आणि हुरहूर एकत्र.