बोगनवेल हा शब्द मराठी आहे का? ‘बोगन’ म्हणजे काय, आणि ही वेल आपल्याकडे आली कुठून?

मलाही कॉलेजला जाईपर्यंत हेच वाटायचं, की जाईची वेल तशी बोगनची वेल, म्हणजे बोगन नावाचं काहीतरी असणार. पण तसं काही नाहीये, अख्खा शब्दच एका फ्रेंच माणसाचं आडनाव आहे! लुई आंत्वान द बुगँव्हिल नावाचा दर्यावर्दी, 1766 मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला, त्याच्या नावावरून झाडाचं नाव बोगनव्हिलिया, आणि त्यातल्या ‘व्हिल’ची आपण मराठीत आयती वेल करून टाकली. फ्रेंचमध्ये व्हिल म्हणजे गाव, त्याचा वेलीशी काहीच संबंध नाही. गंमत म्हणजे ही धड वेलसुद्धा नाही, काकडी-कारल्यासारखे तणावे हिला नसतात, काटे अडकवत अडकवत दुसऱ्याच्या अंगावर चढते.

मूळ घर दक्षिण अमेरिका, ब्राझील-पेरू-अर्जेंटिना वगैरे. 1767 मध्ये बुगँव्हिलची जहाजं रिओ दि जानेरोला थांबली तेव्हा सोबतच्या फिलिबेर कॉमेर्साँ या वनस्पतीतज्ज्ञाच्या नावावर तिचे नमुने जमा झाले. नावावर असं मुद्दाम म्हणतोय, कारण त्याचा जो मदतनीस होता तो मुळात पुरुष नव्हताच, जान बारे नावाची बाई होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी, म्हणून पुरुषाच्या कपड्यात चढलेली, आणि कॉमेर्साँचा पाय त्या काळात इतका दुखत होता की काट्याकुट्यातून हे झाड प्रत्यक्षात तिनेच शोधून आणलं असं मानणारे बरेच आहेत. पृथ्वीला फेरी मारणारी पहिली ज्ञात स्त्री हीच. तरी नाव लागलं कप्तानाचं! बारेचं नाव एका झाडाला मिळालं ते थेट 2012 मध्ये, तेही वांग्याच्या कुळातल्या.

बिचारा कॉमेर्साँ 1773 मध्ये मॉरिशसला वारला, झाडाचं नाव छापून आलं 1789 मध्ये, ते दुसऱ्यानेच छापलं. मग युरोपातल्या काचघरांमधून ही जगभर गेली, आपल्याकडे 1860 च्या सुमारास कलकत्त्यात आली असं सांगतात. पुढचा प्रसार बियांनी नाही, काड्यांनी. आपल्याकडे हिला बी क्वचितच धरतं, त्यामुळे कोणाच्या कुंपणावरची काडी आणायची, खोचायची, असंच घरोघरी चाललंय.

पण मग बी नाही तर इतके रंग कुठून आले? तर काही संकरातून, आणि काही एखादी फांदीच अचानक वेगळ्या रंगाची फुटते, ती कापून लावली की नवीन जात तयार. कलकत्त्याचीच ‘मेरी पामर’ अशी निघाली, एकाच झाडावर पांढरी आणि राणी कलरची फुलं. आणि फुलं म्हणतोय ती खरं तर रंगीत पानंच, खरं फूल आतलं ते बारीक पांढरट, नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. आता जगात कुठेही हिची नवीन जात निघाली की तिची नोंद दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत होते, हे ऐकून मला उगाच भारी वाटलं होतं.

तुमच्या कुंडीत नुसतीच पानं येत असतील तर पाणी कमी करा. हायवेच्या डिव्हायडरवर तिला कोण रोज पाणी घालतंय!