रग्बी लीगमधले वाघ युनियनमध्ये गेल्यावर मांजर का होतात? दोन्ही रग्बीच ना?

रग्बीचे दोन प्रकार आहेत, लीग आणि युनियन, आणि तुम्ही विचारलंय की सॅम बर्जेससारखा खेळाडू लीगमध्ये एवढा गाजला आणि युनियनमध्ये जाऊन वर्षभरात गाशा गुंडाळून परत आला, तर बॉल तोच, ते एचसारखे गोलपोस्ट तेच, मग अडतं कुठे. मी काही एक्स्पर्ट नाही, आयटीवाला माणूस आहे, पण नऊ वर्षं झाली इंग्लंडच्या उत्तरेला वॉरिंग्टनला राहतोय आणि इथे लीगचं वेड म्हणजे कोल्हापुरात पेठापेठांच्या फुटबॉलचं असतं ना, तसलं. मॅच हरली की सोमवारी ऑफिसात कोणी धड बोलत नाही. त्यामुळे बघून बघून आणि थोडं खेळून जे कळलं ते सांगतो.

आधी माझी फजिती सांगतो, कारण तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मी मूळचा सांगलीकडचा, शाळेत असताना कबड्डी खेळलोय, चढाई करायचो. इथे पस्तिशीच्या पुढच्या हौशी लोकांची रग्बी लीग चालते, त्यात ऑफिसातल्या एकाने मला ओढलं आणि दोन सीझन मी बऱ्यापैकी खेळलो. मग दुसऱ्या एका मित्राने चेशरमधल्या त्यांच्या गावात युनियनच्या प्रॅक्टिसला नेलं, म्हटलं चला, रग्बीच आहे. पहिल्यांदा बॉल हातात आला, पळालो, पाडलं मला, आणि मी बॉल छातीशी घट्ट धरून निवांत वाट बघत पडलो की आता हे उठतील, मला उठू देतील. शिट्टी. पेनल्टी. का तर बॉल सोडला नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर मी कबड्डीतल्यासारखा मध्यरेषेकडे हात टाकतात तसा बॉल घेऊन पुढे सरपटायला लागलो, कारण हातात काही असताना पकड झाली की शरीर आपोआप तेच करतं, तेव्हा एक जाडजूड म्हातारा कानाशी येऊन म्हणाला, बाबा रे, इथे टॅकल झाल्यावर खेळ सुरू होतो, संपत नाही.

बस, हेच. लीगमध्ये टॅकल म्हणजे पूर्णविराम. पाडलं की पाडणाऱ्यांनी बाजूला व्हायचं, तो गडी उठतो, बॉल जमिनीवर ठेवतो, पायाने मागे ढकलतो, मागचा उचलतो आणि पुढची चाल. समोरच्या टीमने दहा मीटर मागे सरायचं, दोघं सोडून. असे सहा टॅकल मिळतात, सहाव्यालाही काही झालं नाही तर बॉल समोरच्याला. म्हणून लीगवाला पडताना सुद्धा पोटावर पडायला बघतो, कोपरं आणि गुडघे खाली, म्हणजे पटकन उठता येतं आणि समोरचे मागे सरायच्या आत बॉल खेळता येतो. स्टँडमधून नुसतं हेच बघत बसलं तरी मजा येते, चांगला खेळाडू पडतो आणि स्प्रिंग लावल्यासारखा उठतो.

युनियनमध्ये बरोबर उलटं. पडलास की बॉल लगेच सोड, आणि तो सुद्धा अंग वळवून, हात लांब करून आपल्या बाजूला ठेव, कारण समोरचा कोणीतरी पायावर उभा राहून तो बॉल ओरबाडायला टपलेलाच असतो. आणि तुझे दोन तीन जण धावत येऊन त्याला तिथून ढकलून काढणार, त्याला रक म्हणतात. आता गंमत बघा, लीगमध्ये आपला माणूस पडला की बाकीचे काय करतात तर मागे येऊन पुढच्या चालीसाठी जागा धरतात. युनियनमध्ये आपला माणूस पडला की त्याच्याकडे पळायचं, पण सगळ्यांनी नाही, किती जणांनी जायचं आणि कोणी लांब उभं राहायचं हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं. हे पंधराव्या सोळाव्या वर्षापासून खेळलेल्याला आपोआप कळतं. पंचविशीत आलेल्याला विचार करावा लागतो, आणि विचार करेपर्यंत बॉल गेलेला असतो. वरून लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांमध्ये परत आत फेकणं), मॉल (बॉलवाल्याला उभ्यानेच घेरून रेटारेटी), दोन्ही टीमनी खांद्याला खांदा भिडवून खरोखर ताकद लावून रेटायचा आठ जणांचा स्क्रम हे सगळं वेगळंच, लीगमध्ये स्क्रम असतो पण सहा जणांचा आणि तो जवळपास नावालाच.

हे खोटं वाटत असेल तर 1996 ची गोष्ट बघा. मे महिन्यात लीगचा बादशहा विगन आणि युनियनचा बादशहा बाथ यांच्यात दोन मॅच झाल्या, एक लीगच्या नियमाने, एक युनियनच्या. मँचेस्टरला लीगची झाली, विगन 82, बाथ 6. मग लंडनमध्ये ट्विकनमला युनियनची, बाथ 44, विगन 19. त्याच दोन टीम, तोच महिना. फक्त नियम बदलले आणि रिझल्ट पालथा.

बाकी हे दोन खेळ वेगळे का झाले हे थोडक्यात. 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी फारकत घेतली, कारण खाणीत आणि गिरणीत काम करणाऱ्या पोरांचा शनिवारच्या मॅचपायी पगार बुडायचा आणि तो भरून द्यायला लंडनवाले साहेब लोक तयार नव्हते. पैसे घेतले तर खेळ बाटतो म्हणे. (ज्यांच्या घरी गिरणी असते त्यांना हे बोलायला काय जातं.) मग शंभर वर्षं असं होतं की युनियनचा कोणी लीगमध्ये पैसे घेऊन गेला की युनियनचे दरवाजे त्याला जन्माचे बंद, वाळीत टाकल्यासारखं. वेल्समध्ये तर नॉर्थला गेला एवढं म्हटलं तरी लोक समजायचे की लीगमध्ये गेला. कार्डिफचा बिली बॉस्टन असाच 1953 मध्ये विगनला आला आणि विगनसाठी त्याने 478 ट्राय केले (समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय). टायगर बे नावाच्या बंदरातल्या वस्तीतला काळा पोरगा, वेल्सच्या युनियन टीमने त्याला कधी घेतला नाही. विगनमध्ये त्याचा पुतळा आहे, मी पाहिलाय. 2025 मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, लीगच्या खेळाडूला मिळालेली पहिलीच. नव्वदी ओलांडली तेव्हा कुठे आठवण झाली यांना.

ऑगस्ट 1995 मध्ये युनियनने पण पैसा चालेल म्हणून जाहीर केलं आणि वाहतूक उलटी सुरू झाली, आता लीगवाले तिकडे. आणि इथे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो, की मग काही जण तिकडे जाऊन हिरो कसे होतात. माझं मत विचाराल तर स्क्रमपासून जितकं लांब उभं राहाल तितकं वाचाल. विंगरला, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणाऱ्याला, त्या रकच्या ढिगाऱ्यात कमी वेळा शिरावं लागतं, त्याचं काम पळणं, चकवणं, उंच आलेला बॉल पकडणं, आणि ते दोन्हीकडे जवळपास सारखंच. 2003 च्या वर्ल्ड कप फायनलचंच बघा ना, इंग्लंड ऑस्ट्रेलिया, सिडनीला, सगळ्यांना इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनची ती जिंकून देणारी शेवटची किक आठवते. पण त्या मॅचमध्ये ट्राय झाले फक्त दोन. ऑस्ट्रेलियाचा लोटे टुकिरीने केला, उंच टाकलेल्या किकवर बुटक्या जेसन रॉबिन्सनच्या डोक्यावरून उडी मारून, आणि इंग्लंडचा हाफटाइमच्या जरा आधी त्याच रॉबिन्सनने कोपऱ्यात घसरत. दोघंही विंगर आणि दोघंही लीगमधून आलेले! युनियनच्या सगळ्यात मोठ्या मॅचचे दोन्ही ट्राय लीगच्या पोरांचे, हे मी इथल्या पबमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की मला आता झोपेत पण सांगता येईल.

बर्जेसचं नेमकं याच्या उलट झालं. 2014 मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियातल्या लीगच्या ग्रँड फायनलमध्ये पहिल्याच टक्करीत त्याच्या गालाचं हाड मोडलं, तसाच पूर्ण मॅच खेळला, त्याच्या साउथ सिडनी क्लबने 43 वर्षांनी ट्रॉफी उचलली आणि मॅन ऑफ द मॅच पण हाच. तिथून आला तो बाथला. आता बाथने त्याला फ्लँकर खेळवला, म्हणजे फॉरवर्ड, स्क्रममध्ये रेटणाऱ्यांपैकी एक, रकच्या खाईत, आणि इंग्लंडने त्याला 2015 च्या वर्ल्ड कपला सेंटर म्हणून घेतला, म्हणजे बॅक्समध्ये, स्क्रमच्या मागे उभं राहून पळणाऱ्यांत. अहो, ज्याला खेळ शिकून वर्ष झालं नाही त्याला दोन वेगळ्या जागा शिकायला लावल्या. घरच्या मैदानावर वेल्सने 28-25 ने हरवलं, मग ऑस्ट्रेलियाने हरवलं, इंग्लंड ग्रुपमध्येच बाहेर आणि सगळं खापर या एकट्यावर. वेल्सच्या मॅचमध्ये तो बाहेर गेला तेव्हा इंग्लंड पुढे होतं, हे कोणी सांगत नाही. नोव्हेंबरात तो परत साउथ सिडनीला. इंग्लंडसाठी एकूण पाच मॅच. मला तरी यात त्याच्यापेक्षा घाई करणाऱ्यांची चूक जास्त दिसते.

अँडी फॅरेलचं पण तसंच काहीसं, विगनचा कॅप्टन, 2005 मध्ये सॅरासन्स या युनियन क्लबला गेला, दुखापतींमुळे पहिली मॅच खेळायलाच वर्षाहून जास्त गेलं, खेळाडू म्हणून तिकडे छाप पडली नाही. पण कोच म्हणून आयर्लंडला कुठे नेऊन ठेवलं बघा. म्हणजे डोक्याला युनियन कळलं होतं, अंगाला कळेपर्यंत वय निघून गेलं.

आता कोणीतरी कमेंटमध्ये म्हणेल न्यूझीलंडचा सनी बिल विल्यम्स. हो, पण तो लीगमध्ये फॉरवर्ड असून युनियनमध्ये सेंटर खेळला, शिवाय 2008 मध्ये आधी फ्रान्समध्ये तुलाँला गेला, तिथे शिकला, मग न्यूझीलंडला आला आणि 2011 आणि 2015 असे दोन वर्ल्ड कप घेतले, मध्ये 2013 ला लीगमध्ये परत जाऊन तिथलीही ट्रॉफी जिंकून आला. तसला माणूस एखादाच. आणि लीगमधूनच आलेला ऑस्ट्रेलियाचा जोसेफ सुआलीई, त्याने तर नोव्हेंबर 2024 मध्ये युनियनची एकही प्रोफेशनल मॅच न खेळता थेट ट्विकनमवर ऑस्ट्रेलियासाठी पदार्पण केलं आणि इंग्लंडला 42-37 हरवलं. पण तो शाळेत युनियन खेळलेला आहे, हे विसरू नका, त्याच्या अंगात ते आधीपासून होतं.

फॉरवर्ड असून तिकडे फॉरवर्ड म्हणूनच जमलेला मला तरी एकच मोठा दिसतो, ब्रॅड थॉर्न. ब्रिस्बेनमध्ये लीग, मग 2001 मध्ये न्यूझीलंडच्या क्रुसेडर्सकडून युनियन, त्याच वर्षी ऑल ब्लॅक्सने, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय टीमने बोलावलं तर हा म्हणाला नको, अजून नक्की नाही माझं. विचार करा, न्यूझीलंडमध्ये त्या काळ्या जर्सीला नाही म्हणायचं! लोकांनी काय काय बोललं असेल. नंतर घातली, मग परत लीग, परत युनियन, आणि 2011 चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा लॉक खेळत होता, स्क्रमच्या दुसऱ्या रांगेत, वय 36. म्हणजे पहिल्यांदा आल्यापासून दहा वर्षं.

बर्जेसला किती मिळालं, तर धड एक वर्ष पण नाही.

मी अजून त्या चेशरवाल्यांकडे महिन्यातून एकदा जातो. गेल्या वेळी दोनदाच पेनल्टी दिली.