अंगणातून पडवीत सहज हलवता येईल असा मजबूत पेलेट ग्रिल कसा निवडावा?

आपण लिहिले आहे की गुहागरजवळ घरगुती निवास सुरू करीत आहात, पाहुण्यांसाठी पेलेट ग्रिल (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट्स, जाळून विजेच्या पंख्यावर चालणारी भाजण्याची शेगडी) घ्यायचा आहे, तो खाऱ्या हवेत टिकला पाहिजे आणि अंगणातून पडवीत व पडवीतून मागच्या वाडीत एकट्या माणसाला हलवता आला पाहिजे. अमुक एक ग्रिल घ्या, असे उत्तर माझ्याजवळ नाही. मात्र "मजबूत" आणि "हलवायला सोपा" हे दोन शब्द आपण एकाच वाक्यात लिहिलेत, आणि नेमके याच दोन शब्दांवरून माझे व माझ्या भावोजींचे गेली चार वर्षे जमत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

भावोजींचे मत असे की मजबूत वस्तू जड असणारच, आणि हलवायची असेल तर हलकी वस्तू घ्यावी व ती दोन पावसाळ्यांत फेकून द्यावी लागेल हे गृहीत धरावे. माझे मत असे की वजनाला उगाच दोष दिला जातो. ग्रिल हलायला जड जातो तो चाके लहान असल्यामुळे आणि भार चुकीच्या जागी असल्यामुळे. दुकानात माहितीपत्रकावरचे किलो वाचून निर्णय घेणारा माणूस हमखास फसतो, आणि आमच्या घरात असा माणूस होऊन गेलेला आहे.

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. भावोजी वीस वर्षे अमेरिकेत नोकरी करून परत आले तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमधून त्यांनी आपला पेलेट ग्रिल आणला आणि आमच्या निवासासाठी म्हणून मोठ्या मनाने देऊन टाकला. कंपनीचे नाव मी लिहिणार नाही, कारण त्या बिचाऱ्या कंपनीने कोकणातले अंगण कधी पाहिलेले नाही. ग्रिलला चार बारीक पाय होते आणि प्रत्येक पायाखाली तीन इंचांचे, स्वतःभोवती फिरणारे प्लास्टिकचे चाक होते. भावोजींनी ओटीवरच्या गुळगुळीत कोब्यावर तो एका बोटाने ढकलून दाखवला आणि आईसह सगळ्यांनी कौतुक केले.

त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याचे बारा पाहुणे आले होते. हर्णैच्या लिलावातून आणलेली सुरमई मसाला लावून तयार होती, कोंबडी दुपारपासून मंद धुरावर होती, आणि ग्रिल खळ्याच्या मधोमध उभा होता. आमचे खळे जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे; चिरे जुने, कडा झिजलेल्या, आणि दोन चिऱ्यांमधल्या फटीत सहज अंगठा जाईल. साडेसात वाजता दक्षिणेकडून आभाळ भरून आले आणि वारा सुटला. पेटता ग्रिल हलवू नये हे भावोजींनाही माहीत होते आणि मलाही. परंतु बारा माणसे ताटे घेऊन बसलेली असताना शहाणपण सुचत नाही. भावोजींनी पुढून ओढले, मी मागून ढकलले. हॉपर, म्हणजे ग्रिलच्या बाजूची पेलेट्सची पेटी, त्यांनी हौसेने काठोकाठ भरलेला होता, म्हणजे आठ-नऊ किलोंचा भार एकाच बाजूला आणि तोही कमरेएवढ्या उंचीवर. पुढचे एक चाक फटीत गेले, आडवे फिरले आणि तिथेच रुतले. आम्ही जोर केला तसा पाय आत वाकला आणि सगळा ग्रिल हॉपरच्या बाजूने कलला. मी ओले गोणपाट घेऊन त्याला खांदा दिला म्हणून तो आडवा पडला नाही. चरबीची बादली मात्र सांडली, वायर ताणून प्लग निघाला, पंखा बंद पडला आणि आगीचा धूर पेलेट्स आगीकडे नेणाऱ्या नळीतून उलटा हॉपरमध्ये येऊ लागला. त्यात हॉपरचे झाकण उघडे राहिले होते आणि वळवाच्या सरीने आपले काम चोख केले. सुरमई शेवटी आईने तव्यावर तळली. पाहुण्यांनी तिचेच अधिक कौतुक केले, हा विषय भावोजींसमोर आम्ही काढत नाही.

सकाळी पाहतो तर हॉपरमध्ये पेलेट्स नव्हत्या, भुशाचा लगदा होता. लाकडाचा भुसा दाबून केलेली ती कांडी पाणी लागताच फुगते आणि विरघळल्यासारखी सुटते. ऑगरच्या, म्हणजे पेलेट्स आगीकडे ढकलणाऱ्या फिरत्या स्क्रूच्या, नळीत शिरलेला लगदा वाळला की दगडासारखा होतो. तो छिन्नीने आणि स्क्रूड्रायव्हरने कोरून काढण्यात माझे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत भावोजी झोपाळ्यावर बसून मला सांगत होते की ग्रिलचा काही दोष नाही, दोष खळ्याचा आहे, आणि खळ्यात सिमेंट ओतावे.

यात त्यांचे अर्धे खरे आहे, आणि ते मी त्यांच्या तोंडावर कबूल केलेले आहे. हे यंत्र ओरेगनमधल्या जो ट्रेगर यांनी पेलेटच्या शेगडीवरून बेतले आणि १९८६ साली त्याचे पेटंट मिळवले; तेव्हापासून ते जिथे वापरले जाते ती घरामागची जागा फळ्यांची किंवा काँक्रीटची, सपाट असते. तिथे तीन इंचांचे चाक पुरते. परंतु आजोबांनी घातलेले जांभ्याचे खळे एका ग्रिलसाठी सिमेंटने झाकावे, हा सल्ला मला चार वर्षांनंतरही पटलेला नाही. चाक आपल्या त्रिज्येएवढा उंच अडथळा नुसत्या ओढण्याने कधीच चढत नाही, आणि त्याहून बराच लहान अडथळाही त्याला जड जातो. तीन इंची चाकाची त्रिज्या दीड इंच. आमच्या चिऱ्यांची एखादी उठलेली कडा तेवढी भरते. दहा इंची चाक तीच कडा सहज ओलांडते. यात अमेरिका आणि कोकण असा प्रश्न येत नाही.

मी ग्रिल दापोलीला एका फॅब्रिकेटरकडे नेला. त्याने चारही पाय कापले, हॉपरच्या बाजूला एक जाड आडवा दांडा टाकून त्याच्या दोन टोकांना हातगाडीची दहा इंची भरीव रबरी चाके बसवली, दुसऱ्या बाजूला रुंद पट्टीचे दोन स्थिर पाय जोडले आणि त्याच बाजूने पाइपची लांब मूठ काढली. ग्रिलचे वजन यामुळे सहा-सात किलोंनी वाढले, आणि हलवणे निम्म्याहून सोपे झाले. वाळू-खडी वाहणाऱ्या एकचाकी गाडीचे तत्त्वच हे आहे: जड भाग चाकाजवळ, हात चाकापासून लांब. हॉपर भरून आमचा ग्रिल सत्तरेक किलोंचा आहे, पण मुठीशी उचलावे लागतात ते वीस-बावीस किलो, बाकीचे चाके वाहतात. भावोजींनी यावर काढलेला निष्कर्ष असा की मी त्यांच्या ग्रिलचा हातगाडा केला.

तेव्हा आपण दुकानात जाल तेव्हा वजन विचारू नका. हॉपरमध्ये दहा किलोंची पिशवी ठेवायला सांगा, मग मुठीला धरून ग्रिल उचला, दाराच्या उंबऱ्यावरून आत-बाहेर न्या आणि पाय डगमगतात का ते पाहा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावे. चार फिरती चाके असलेला ग्रिल मी फुकट मिळाला तरी घेणार नाही. दोन मोठी चाके, दोघांमधून आरपार गेलेला एकच दांडा आणि समोर दोन पाय, एवढे असले की बाकीच्या सोयींवर बोलता येईल. घडीच्या पायांचे पंचवीस-तीस किलोंचे छोटे ग्रिल मिळतात, ते गाडीच्या डिकीत घालून नेण्यासाठी चांगले आहेत. रोज अंगणात उभे करण्यासाठी त्यांचे सांधे बनवलेले नसतात. आणि आपल्या वाडीत उतरायला पाखाडी असेल, तर चाकांचा विचारच सोडून द्या. पायऱ्यांवर दोन माणसेच लागतात, त्यासाठी दोन्ही बाजूंना पक्क्या मुठी हव्यात, एवढेच पाहा.

खाऱ्या हवेबद्दल आपण विचारले आहे. पत्रा जाड असावा, झाकण दोन बोटांनी दाबून पाहावे, आणि रंगावर फार विश्वास ठेवू नये, कारण पावडर कोटिंगला एकदा ओरखडा पडला की आमच्याकडे आठवड्याभरात तिथे तांबेरा दिसतो. स्टेनलेस म्हणून विकतात त्यात ३०४ जातीचे पोलाद आहे का हे बिलावर लिहून मागावे. चुंबक लावून परीक्षा करण्याची रीत अर्धवट आहे: चुंबक घट्ट चिकटला तर ते ३०४ नव्हे हे समजते, पण चिकटला नाही म्हणून ३०४ ठरत नाही, कारण बाजारातल्या स्वस्त २०२ लाही तो चिकटत नाही. आमच्या ग्रिलचे अंग अजून शाबूत आहे. खाल्ले गेले ते नटबोल्ट आणि झाकणाच्या बिजागऱ्या. त्या पहिल्याच महिन्यात काढून ३०४ च्या घालाव्यात. खर्च किरकोळ असतो.

विजेबद्दल आपण विचारलेले नाही, आणि खरे तर तेच आधी विचारायला हवे होते. परदेशातून कोणी नातेवाईक प्रेमाने ग्रिल आणत असेल तर त्याला नम्रपणे थांबवा. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या एसी मोटरींवरचे ऑगर आणि पंखा सुमारे एक षष्ठांशाने सावकाश फिरतात आणि तापमान वर चढायला रडते. भावोजी हे मान्य करीत नाहीत. त्यांच्या मते आमच्याकडच्या सुरमईलाच शिजायला वेळ लागतो. डीसी मोटरींच्या नव्या ग्रिलना ही अडचण नसते, पण त्यांनाही २३० व्होल्ट चालते का ते पाटीवर वाचावेच लागते. दुसरे म्हणजे वीज जाणे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आम्ही इन्व्हर्टर बसवला, तो इथे कामी आला. पेटवताना हा ग्रिल दोनशे ते तीनशे वॅट घेतो, पुढे पन्नासच्या आसपास, त्यामुळे घरच्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवर तो आरामात चालतो आणि पंखा मध्येच थांबून आग उलटी सरकत नाही. म्हणून ग्रिल हलवण्याच्या जागा ठरवताना प्लगही बघा. चाके कितीही चांगली असली तरी वायरीच्या पलीकडे ग्रिल जात नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. मी हा एकच ग्रिल चार वर्षे वापरला आहे आणि शेजारपाजारचे दोन-तीन पाहिले आहेत, तेवढ्यावर बोलतो आहे. स्वयंपाकासाठीच्या पेलेट्स आपल्याकडे महाग पडतात, मंद धुरावरही तासाला साधारण अर्धा ते एक किलो जातात, आणि बॉयलरसाठी शेतातल्या कचऱ्यापासून केलेल्या स्वस्त पेलेट्स त्यात चुकूनही घालू नयेत. पावसाळ्यात हॉपर रिकामा करून पेलेट्स घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवाव्यात. झावळ्यांच्या मांडवाखाली ग्रिल पेटवू नये, आणि पडवीत तो ठेवायचा तो थंड झाल्यावरच. आपल्या प्रश्नातली पडवी मी त्याच अर्थाने घेतली आहे. बंद करताना प्लग न ओढता पंख्याला, पेलेट्स जिच्यात जळतात त्या वाटीतली आग संपवू द्यावी. शिवाय आठवड्यातून एकदा चार माणसांसाठी मासे भाजायचे असतील, तर करवंटीच्या कोळशाची शेगडी पुरे आहे, आणि ती कोणीही उचलून नेऊ शकते.

गेल्या दिवाळीत भावोजी आले होते. सकाळी मी पडवीतून पाहिले, तर एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने ते हातगाडा झालेला तोच ग्रिल चिऱ्यांवरून आंब्याच्या सावलीत नेत होते. मी फोटो काढला आहे. बहिणीने घातलेल्या शपथेमुळे तो इथे जोडत नाही.